किशोरवयीन मुलाच्या मानसिक त्रासाचं नेमकं निदान: घरातल्या वहीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत

मानसोपचार ओपीडीत डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. केस हिस्ट्री घेणं हे माझं काम. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना घेऊन आलेल्या आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "मॅडम, ह्याला डिप्रेशन आहे, गोळी चालू करा." नाहीतर याच्या अगदी उलट: "आजारबिजार काही नाही, जरा समजावून सांगा, आमचं ऐकत नाही." दोन्हीकडे निकाल घरीच लागलेला असतो. मी विचारते, झोप कधीपासून बिघडली? मग दोघं एकमेकांकडे बघतात.

डेंग्यूचं निदान रक्तावरून होतं. मानसिक आजाराचं तसं होत नाही. काय झालं, कधीपासून, किती वेळा, त्याआधी मूल कसं होतं, घरात कुणाला काय होतं, या माहितीवरून ते होतं. ही माहिती तुमच्याकडे असते, डॉक्टरांकडे नसते. ती अर्धवट आली की निदान चुकतं, आणि चुकीच्या निदानावर वर्ष-दोन वर्षं निघून जातात. नेमकी दहावी-बारावीची. म्हणून क्रमाने जा. खाली कुठे मुलगा लिहिलंय, कुठे मुलगी. सगळं दोघांनाही लागू आहे.

सगळ्यात आधी: जिवाला धोका आहे का?

हे बघितल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नका. मुलाला एकट्याला घेऊन बसा आणि सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं, असाही विचार आला का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं ढसाढसा रडतात आणि बोलतात.

उत्तर "हो" आलं, हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकल्या जात असतील, मित्रांना निरोपाचे मेसेज गेले असतील, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं त्याच दिवशी घराबाहेर न्या किंवा कुलपात टाका. शेतावरच्या खोलीतली बाटली लोक हमखास विसरतात. मग त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. रस्ता सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीच्या मदतीसाठी ११२.

काही पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. "पोलीस केस होईल" या भीतीने लोक तास-दोन तास घरी काढतात, आणि तेच जिवावर बेततं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असं तो सांगतो. रुग्णालयात नोंद होईल, ती होऊ द्या.

सावधान: ताप आहे आणि मूल एकाएकी असंबद्ध बोलायला लागलंय, माणसं ओळखत नाही, झटके येतायत, तर ते मेंदूच्या संसर्गाचंही लक्षण असू शकतं. अशा वेळी मानसोपचाराच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तातडीच्या विभागात जा.

पायरी १: वही सुरू करा

धोका नसेल तर आजपासून एक शंभर पानी वही घाला. अपॉइंटमेंट लांबवायची नाही, ती घेऊन टाका. तारीख येईपर्यंत लिहीत राहा. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. वहीचे तीन भाग करा.

पहिला भाग रोजचा. फक्त दिसलं आणि ऐकलं तेवढं लिहायचं. एका आईच्या वहीतलं पान मला अजून आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून देते:

सोमवार. रात्री २:१० ला खोलीत दिवा. सकाळी ७ ला हाक मारली, ११ ला उठला. डबा तसाच परत.

मंगळवार. क्लासहून लवकर आला, "डोकं दुखतंय." बहिणीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून रिमोट भिंतीवर फेकला. मग तासभर बाथरूममध्ये. रडल्याचा आवाज.

बुधवार. मित्र खालून हाका मारत होता, "नाही म्हणून सांग." बॅट तीन आठवडे माळ्यावर. रात्री जेवला, दोन पोळ्या.

या पानावर "आळशी", "उद्धट", "मोबाइलचं वेड" असा एकही शब्द नाही. "डिप्रेशन"सुद्धा नाही. तरी डॉक्टरांना झोप उलटीपालटी झालेली दिसली, आवडीची गोष्ट सुटलेली दिसली, चिडचीड आणि तिच्यामागचं रडू दिसलं. या वयात नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने येतच नाही, चिडखोरपणाने येतं. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज असं चाललं असेल तर डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. आणि "दोन आठवडे, जवळजवळ रोज" हे वहीतूनच कळतं. आठवणीतून कळत नाही.

दुसरा भाग आयुष्याचा आलेख. जन्मापासून दरवर्षी एक ओळ पुरे. बाळंतपणात काही अडचण? झटके, डोक्याला मार? बोलायला-चालायला कधी लागला? शाळा कधी बदलली, कोण वारलं, पाळी कधी आली? जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. दुसरीच्या बाईंनी "लक्ष देत नाही, वस्तू हरवतो" असं लिहिलं असेल तर ती ओळ सोन्यासारखी आहे. अतिचंचलता आणि अवधानाची कमतरता, म्हणजे एडीएचडी, असं निदान करायचं तर लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. नववीपर्यंत व्यवस्थित असलेल्या मुलाचं लक्ष दहावीत अचानक उडालं, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागतं.

तिसरा भाग घराण्याचा. इथे लोक सर्रास लपवतात.

लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करणारा एक मुलगा. डिसेंबरात अभ्यास सोडला, चौदा-चौदा तास झोपायला लागला. दुसरीकडे दाखवलं, नैराश्यावरची गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात त्याची झोपच उडाली. चार रात्री जागा, आणि तरी ताजातवाना. रात्री दोनला नातेवाइकांना फोन, "बाबा, जमीन विका, आपण स्वतःचा क्लास काढू." आमच्याकडे आणलं तेव्हा मी विचारलं, घरात कुणाला असा त्रास? "नाही." दुसऱ्यांदा विचारलं. "नाही हो." तिसऱ्यांदा विचारल्यावर मागच्या बाकावरून आजी म्हणाल्या, "धाकल्याचं सांग की गं." धाकट्या काकांनी एकदा बैलजोडी विकून गावात पैसे वाटले होते आणि नंतर दोन महिने मनोरुग्णालयात काढले होते. घरात लग्नाची मुलगी, म्हणून कुणी बोलत नव्हतं. ही एक गोष्ट पहिल्याच दवाखान्यात सांगितली असती तर डॉक्टरांनी बायपोलर आजाराचा, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी अति उत्साहात जाण्याच्या आजाराचा, विचार आधी केला असता. त्या आजारात एकटी नैराश्याची गोळी मनाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते.

म्हणून दोन्हीकडच्या घराण्याचं लिहा. आईकडचंही. आत्महत्या, दारू, फिट्स, "तो जरा वेगळाच होता", "ती माहेरी आली ती परत गेलीच नाही", सगळं. आजीला, आत्याला विचारा. आजाराचं नाव माहीत नसलं तरी चालेल, काय घडलं तेवढं लिहा.

तपासा: वहीतलं कुठलंही पान वाचून परक्या माणसाला मूल डोळ्यांसमोर दिसतं का? नुसतं तुमचं मत दिसत असेल तर पान पुन्हा लिहा.

पायरी २: घराबाहेर मूल कसं वागतं, ते विचारा

घरी तोंड न उघडणारी मुलगी शाळेत खळखळून हसत असेल, तर त्याला अर्थ आहे. दोन्हीकडे गप्प असेल, तर त्याला वेगळा अर्थ आहे. वर्गशिक्षकांना भेटा आणि चार ओळी लिहून मागा: हजेरी, वर्गात लक्ष, मैत्रिणी कोण, गेल्या सहा महिन्यांत काय बदललं. मूल हॉस्टेलवर असेल तर रेक्टरना झोपेचं आणि मेसच्या जेवणाचं विचारा.

कुणी त्रास देतं का, चिडवतं का, मोबाइलवर फोटो फिरवले का, हेही विचारा. शाळेत जायच्या वेळीच पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की पोटदुखी म्हटलं की मी आधी वार विचारते.

सावधान: शाळेत जाण्याआधी मुलाला सांगा. मागून कळलं तर ते तुमच्यापाशी बोलणं बंद करेल. आणि शिक्षकांना "आम्ही मनाच्या डॉक्टरकडे नेतोय" असं सांगितलंच पाहिजे असं नाही. "तब्येतीसाठी माहिती हवी आहे" एवढं पुरतं.

पायरी ३: शरीर आधी तपासून घ्या

ही पायरी लोक गाळतात. फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन सांगा की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं आहे, त्याआधी शरीराचं कारण नाही ना ते बघायचंय. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ यांतलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइड मंदावली की मूल सुस्त, जाडसर, विसराळू होतं. वाढली की घाबरं, चिडकं, हात थरथरणारं. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन आठवर असेल तर तिचं मन अभ्यासात कसं लागणार? डोळे आणि कानही तपासून घ्या.

अक्षर बिघडलं, हात थरथरतात, बोलणं अडखळतं आणि स्वभावही बदलला, असं सगळं मिळून दिसत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. शरीरात तांबं साठण्याचा विल्सन नावाचा आजार याच वयात असा दिसतो. वेळेत सापडला तर त्यावर उपचार आहेत.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. दम्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी दिलेली स्टिरॉइड, फिट्सच्या काही गोळ्या, मुरुमांच्या गोळ्या, जिममधली पावडर, एनर्जी ड्रिंक. यांतल्या काहींनी मूड आणि झोप बदलते. पाकिटंच पिशवीत टाका, नावं पाठ करत बसू नका.

अंगात येतं, दातखिळी बसते, एकटक बघत राहते, अशी तक्रार असेल तर पुढच्या वेळी कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा. मूल सुरक्षित आहे ना ते आधी बघा, मग व्हिडिओ. डोळे उघडे होते की मिटलेले, किती वेळ चाललं, नंतर गाढ झोपली का, हे त्यात दिसतं. फिट आहे की मनाच्या ताणाने येणारा झटका, हे ठरवायला मिनिटभराचा व्हिडिओ माझ्या तासभराच्या प्रश्नांपेक्षा उपयोगी पडतो.

देवऋषी, अंगारे-धुपारे यांबद्दल. आजीने दंडावर दोरा बांधला तर त्यावरून घरात भांडू नका. पण मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं यातलं काहीही होऊ देऊ नका. आणि आधी कुठे कुठे नेलं होतं ते डॉक्टरांना सांगा. आम्ही त्यावरून कुणाला बोलत नाही. त्रास कधी सुरू झाला ते बऱ्याचदा या फेऱ्यांच्या तारखांवरूनच कळतं.

पायरी ४: मुलाला खरं सांगून न्या

"आजीचं औषध आणायला जाऊ" म्हणून आणलेलं मूल पाटी वाचतं आणि गप्प होतं. त्या दिवशी हिस्ट्री होत नाही, आणि पुढच्या वेळी ते घरातूनच निघत नाही.

दोन-तीन दिवस आधी, शांत वेळी, भांडण नसताना सांगा. शिवी वाटेल असा शब्द नको. "चार महिने झाले, तुला झोप लागत नाहीये. आधी तू क्रिकेटला जायचास, आता नाही. मला काळजी वाटते. आपण डॉक्टरांना विचारू. तू त्यांच्याशी एकटा बोल, मी बाहेर बसेन." एवढं पुरे. "माझ्याच नशिबी का" असं वाटत असेल त्याला सांगा की देशातल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चारएक जण.

पायरी ५: योग्य माणसाकडे जा

पाट्यांमध्ये गोंधळ होतो, म्हणून फरक लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. आजाराचं निदान आणि औषध त्याच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी करतो, औषध देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. नंबर विचारा, विचारण्यात अपमान नाही. समुपदेशकाचा आधार मोलाचा असतो, पण निदान करणं त्याचं काम नाही. थोड्या दिवसांचा कोर्स करूनही ही पाटी लावलेली मी पाहिली आहे.

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाचीच घ्या. लहान मुलं आणि किशोरांचं काम नेहमी करणारा मिळाला तर उत्तम.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. केसपेपर काढायचा आणि जायचं. कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. किशोरांसाठीची मैत्री क्लिनिकंही सरकारी दवाखान्यांत आहेत, तिथून पुढची चिठ्ठी मिळते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो: मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून. प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. आत गेलं की दाखलच करून घेतात असं नाही. गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय. फारच गुंतागुंतीची केस असेल तर बेंगळुरूच्या निमहान्समध्ये बाल व किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे.

पायरी ६: पहिली भेट

शक्य असेल तर आई आणि वडील दोघंही या. दोघांनी पाहिलेलं मूल वेगळं असतं. बरोबर वही, रिपोर्ट, औषधांची पिशवी, शाळेचा कागद आणि व्हिडिओ आणा. वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: मुख्य तक्रार, कधीपासून, सगळ्यात वाईट दिवस कोणता, आधी काय उपचार झाले, घराण्यात काय. सरकारी ओपीडीत गर्दी असते. त्या पाच ओळींनी डॉक्टरांची दहा मिनिटं वाचतात आणि ती तुमच्या मुलाला मिळतात.

भेट तीन भागांत व्हायला हवी: सगळे मिळून थोडा वेळ, मग मूल एकटं, मग तुम्ही एकटे. डॉक्टरांनी मुलाला एकट्याने भेटायचं म्हटलं नाही तर तुम्ही म्हणा. तंबाखू, गांजा, दारू, प्रेमप्रकरण, जीव द्यायचा विचार, डोक्यात येणारे घाण वाटणारे विचार: आई समोर बसली असताना हे कोण सांगेल? आणि बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस?" असं विचारू नका. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगतील.

एक गोष्ट मात्र डॉक्टर गुप्त ठेवू शकत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातलाच माणूस असेल तरीही. "बोभाटा होईल" म्हणून मुलाला गप्प करू नका. त्या गप्प बसण्यातूनच कितीतरी आजार वाढलेले मी पाहिले आहेत.

सावधान: मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. ते अडखळेल, वेळ घेईल. घेऊ द्या.

पायरी ७: चाचण्यांचा खरा उपयोग समजून घ्या

नैराश्य किंवा चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्या फक्त चाळणी आहेत. चाळणीत अडकलं म्हणजे आजार आहे असं नाही. मोबाइलवर दहा प्रश्न सोडवून "मला बायपोलर आहे" म्हणणाऱ्या मुलाची टिंगल करू नका, पण त्या निकालावर गोळीही सुरू होत नसते. एमआरआयमध्ये नैराश्य दिसत नाही; झटके, डोक्याला मार किंवा मेंदूच्या आजाराची शंका असेल तरच तो काढायला सांगतात. "स्कॅन का लिहून देत नाहीत?" म्हणून डॉक्टर बदलणारे लोक मी पाहिलेत.

बुद्ध्यांक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांची गोष्ट वेगळी. अभ्यासात मार खाणाऱ्या, "माठ" म्हणून हिणवलेल्या मुलाचं नैराश्य कधीकधी न ओळखलेल्या वाचन-लेखनाच्या अडचणीतून आलेलं असतं. ही चाचणी झोप पूर्ण झालेली असताना आणि मूल जरा सावरल्यावर करा. तीव्र नैराश्यात केली तर गुण खोटेच कमी येतात, आणि तो कागद मुलाला आयुष्यभर चिकटतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचंच लागतं. ते फेब्रुवारीत धावपळ करून मिळत नाही. नववीतच अर्ज करा.

पायरी ८: निदान ऐका आणि पडताळा

डॉक्टर काही नाव सांगतील, किंवा "अजून बघू" म्हणतील. "अजून बघू" ऐकून निराश होऊ नका. या वयात पहिल्याच भेटीत ठाम शिक्का न मारणारा डॉक्टर बहुतेक वेळा सावध डॉक्टर असतो. हे प्रश्न मात्र विचाराच: हे निदान पक्कं आहे की तात्पुरतं? कशावरून? दुसरं काय असू शकतं आणि ते का वाटत नाही? कोणती गोष्ट दिसली तर तुम्ही मत बदलाल? हा शेवटचा प्रश्न वहीत लिहून ठेवा, कारण पुढचे महिने तेच बघायचं असतं.

गफलत नेहमी होते अशा काही जोड्या सांगते.

नैराश्य आणि बायपोलर. बायपोलर आजार बरेचदा नैराश्यानेच सुरू होतो. त्यामुळे झोप कमी होऊनही न थकणं, भरमसाट बोलणं, उधळेपणा, एकदम मोठमोठे बेत असं चार दिवस किंवा जास्त कधीही झालं असेल, तर "तेव्हा तो छान होता" म्हणून गाळू नका. सांगा.

एडीएचडी आणि चिंता. दोन्हीत लक्ष लागत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि पहाटेचा क्लास असेल तर कुणाचंच लागत नाही. आधी तीन आठवडे झोप नीट करून बघा, काय उरतं ते डॉक्टरांना सांगा.

ओसीडी, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापायी एकच कृती पुन्हा पुन्हा करणं, आणि "स्वच्छतेची आवड". दीड तास आंघोळ, पुन्हा पुन्हा हात धुणं, एकच ओळ दहादा वाचणं. यामागे बरेचदा देवाबद्दल किंवा लैंगिक असे नकोसे विचार असतात आणि मूल शरमेने मरत असतं. ही मुलं स्वतःहून कधीच सांगत नाहीत. डॉक्टरांना म्हणा, तुम्हीच विचारा.

गांजा आणि सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. कानात आवाज येतात, सगळे माझ्यावर नजर ठेवतात, असं मूल म्हणत असेल तर नशा होती का हे कळलंच पाहिजे. नशा पूर्ण सुटल्यावर साधारण महिनाभर बघून डॉक्टर ठरवतात. तोवर उपचार थांबवून ठेवायचे असतात, असा याचा अर्थ नाही.

आणि मुलींमधला स्वमग्नपणा. शांत, हुशार, एकाच मैत्रिणीला धरून राहणारी, इतरांच्या बोलण्याची नक्कल करून वेळ निभावणारी मुलगी नववी-दहावीत कोसळते आणि तिला फक्त "लाजाळू" म्हटलं जातं. तिचा बालपणीचा आलेख, म्हणजे वहीचा दुसरा भाग, डॉक्टरांपुढे ठेवा.

एकाच मुलाला दोन आजारही असतात. दुसरं नाव सांगितलं म्हणजे पहिलं चुकलं, असं नाही.

पायरी ९: दुसरं मत, फाइल आणि पुढचे महिने

नैराश्यावरच्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर जास्त लक्ष ठेवा: अस्वस्थपणा वाढला, झोप उडाली, मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. गोळी मनाने एकदम बंद करू नका.

दुसरं मत घ्यायला काही हरकत नाही. निदानाचं कारण कुणी सांगत नसेल, मुलाला एकट्याने एकदाही भेटले नसतील, दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नसेल किंवा पहिल्या भेटीत चार-पाच औषधं लिहिली असतील, तर जरूर घ्या. पण कागद लपवून नाही. "बघू हे काय म्हणतात" म्हणून जुनी फाइल घरी ठेवून येणारे लोक नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करतात. उपचारांची कागदपत्रं मागायचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिलेला आहे. लेखी अर्ज करा.

दाखल करायची वेळ आली तर दोन गोष्टी तपासा. अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्णवेळ बरोबर राहतं. मुलीबरोबर बाईमाणूस हवं. हे कायद्यातच आहे.

वही बंद करू नका. रोज नको, आठवड्याला एक पान पुरे: झोप, जेवण, शाळा, मित्र, गोळ्या चुकल्या का. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, "निदान अजून तेच आहे का?" मूल वाढतंय, चित्र बदलतं, नावही बदलू शकतं.

अठरावं पूर्ण झालं की कायद्याने ते सज्ञान. डॉक्टरांशी काय बोलायचं, तुम्हाला काय कळू द्यायचं, ते ठरवणार तेच. सतरा पूर्ण झालं की फाइल त्याच्या हातात द्यायला लागा, पुढची अपॉइंटमेंट त्याला घेऊ द्या, आणि वहीतलं त्या आठवड्याचं पान त्यालाच लिहायला सांगा.